वेगळे होण्याचा ठराव : अमेरिकेतील संयुक्त आरोग्य यंत्रणा कशा मोडतात

अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे रोजचे काम राजधानीतून चालत नाही. हॉटेलांच्या स्वयंपाकघरांची तपासणी, क्षयरुग्णाच्या घरच्यांचा आणि सहकाऱ्यांचा शोध, गावाबाहेरच्या घरांना लागणाऱ्या सेप्टिक टँकचे परवाने, बाळांच्या लशी, गरीब गरोदर बायकांचा पोषण आहार, जन्ममृत्यूचे दाखले ही सगळी कामे सुमारे तीन हजार स्थानिक आरोग्य खात्यांच्या अंगावर असतात. बहुतेक ठिकाणी हे खाते एका काउंटीचे असते. काउंटी आपल्या जिल्ह्यासारखीच, फक्त तिचे सरकार निवडून आलेले असते आणि तिला स्वतःचा कर बसवता येतो. काही भागांत मात्र दोन-तीन काउंट्या, किंवा एक काउंटी आणि तिच्यातली शहरे, एकत्र येऊन सगळ्यांसाठी एकच आरोग्य यंत्रणा उभी करतात. तिला हेल्थ डिस्ट्रिक्ट म्हणतात. तिचे मंडळ वेगळे, कर्मचारी वेगळे, अंदाजपत्रक वेगळे. पैसा मात्र बराचसा सदस्य सरकारांच्या वर्गणीतून आणि राज्य व केंद्राच्या अनुदानातून येतो. आपल्याकडे एखाद्या जिल्हा परिषदेने ठराव करून आरोग्याच्या सामाईक व्यवस्थेतून अंग काढून घेतले, अशी कल्पनाही कोणी करणार नाही. तिथे तशी सोय कायद्यातच आहे, आणि २०२० नंतर ती काही ठिकाणी वापरली गेली, काही ठिकाणी नुसती उगारली गेली.

या घडामोडींचे नेहमी दिले जाणारे स्पष्टीकरण सोपे आहे. साथ आली, मास्कची सक्ती झाली, लोक चिडले, राजकारण्यांनी त्या चिडीवर स्वार होऊन आरोग्य यंत्रणा मोडल्या. यातले प्रत्येक विधान थोडेफार खरे आहे, तरी एवढ्याने भागत नाही. मास्कवरून भांडणे अमेरिकेत सगळीकडे झाली, यंत्रणा मात्र मोजक्याच ठिकाणी फुटल्या. कुठे फुटल्या, कुठे नाही आणि फुटल्यावर नुकसान कोणाचे झाले, हे पाहू गेले की नजर पुनःपुन्हा एकाच जागी येते : संयुक्त यंत्रणेच्या मूळ कायद्यातले बाहेर पडण्याचे कलम. किती दिवसांची सूचना, कोणाच्या मताने, कोणाच्या खर्चाने, या तीन प्रश्नांची तिथे लिहिलेली उत्तरे यंत्रणेचा शेवट तर ठरवतातच, शिवाय ती एकसंध असतानाच्या काळात तिचा वकूब किती राहील हेही ठरवतात. माझे म्हणणे असे, की हे कलम जितके स्वस्त, तितकी ती यंत्रणा आपल्या सर्वांत नाराज सदस्याच्या मर्जीवर चालते.

एकत्र येण्यामागचा विचार जुना आहे. १९४५ मध्ये डॉ. हेवन इमर्सन यांच्या समितीने अमेरिकेतल्या स्थानिक आरोग्य व्यवस्थेचा नकाशा नव्याने आखून दाखवला. हजारो चिमुकल्या खात्यांऐवजी देशभर सुमारे बाराशे घटक असावेत, आणि प्रत्येकाखाली निदान पन्नास हजार वस्ती असावी, असा त्यांचा प्रस्ताव होता. हिशेब व्यावहारिक होता. पूर्णवेळ डॉक्टर अधिकारी, परिचारिका आणि स्वच्छता निरीक्षक पोसायचे तर पाठीशी तेवढे करदाते हवेत. तो नकाशा पूर्णपणे कधीच प्रत्यक्षात आला नाही, पण त्याचा तर्क टिकला. अर्थशास्त्रज्ञ रेक्सफर्ड सँटेरे यांच्या २००९ च्या अभ्यासात लोकसंख्या साधारण एक लाखापर्यंत वाढेस्तोवर दरडोई खर्च घटत जातो, असे दिसले. हा आकडा लक्षात ठेवावा. पुढे तो माझ्याच बाजूला अडचणीत आणणार आहे. ग्लेन मेज आणि शेरॉन स्मिथ यांनी २०११ मध्ये दाखवले, की स्थानिक आरोग्यावरचा खर्च दहा टक्क्यांनी वाढला तिथे टाळता येण्याजोग्या कारणांनी होणारे मृत्यू, कारणानुसार, १.१ ते ६.९ टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे या खात्यांवरचा पैसा वाया जात नाही. तरीही तो आटत गेला. २०१० नंतरच्या दहा वर्षांत स्थानिक आरोग्य खात्यांचा दरडोई खर्च १८ टक्क्यांनी घटल्याचे आणि २००८ च्या मंदीपासून राज्य व स्थानिक खात्यांतल्या किमान ३८ हजार नोकऱ्या गेल्याचे असोसिएटेड प्रेस आणि कैसर हेल्थ न्यूज यांच्या २०२० च्या पाहणीत आढळले. साथ आली ती या अशक्त अंगावर.

या सगळ्या गोष्टी एकाच ठिकाणी पाहायच्या तर कोलोरॅडोतल्या ट्राय-काउंटी हेल्थ डिपार्टमेंटकडे वळावे लागते. डेन्व्हर शहराला लागून असलेल्या ॲडम्स आणि अरापाहो या काउंट्यांनी १९४८ मध्ये ही संयुक्त यंत्रणा उभारली. डग्लस काउंटी साठच्या दशकात तिच्यात आली. २०२० च्या जनगणनेत अरापाहोची लोकसंख्या ६,५५,०७० होती, ॲडम्सची ५,१९,५७२ आणि डग्लसची ३,५७,९७८. तिन्ही मिळून पंधरा लाखांच्या वर, म्हणजे राज्यातला दर चौथा माणूस. कारभार पाहणाऱ्या मंडळावर नऊ सदस्य, प्रत्येक काउंटीने नेमलेले तीन. या रचनेत दोन विसंगती पहिल्यापासून होत्या. जवळपास दुप्पट लोकसंख्येच्या अरापाहोला डग्लसइतकीच मते होती. आणि बाहेर पडायचे तर कोणत्याही काउंटीला स्वतःच्या कमिशनरांचा ठराव आणि एक वर्षाची सूचना एवढे पुरेसे होते. कमिशनर म्हणजे काउंटीचे निवडून आलेले कारभारी. डग्लसला ते तीनच आहेत.

८ जुलै २०२० रोजी मंडळाने पाच विरुद्ध चार मतांनी मास्कचा आदेश काढला. लगोलग डग्लसच्या कमिशनरांनी बाहेर पडण्याचा इरादा जाहीर केला. आठवड्याभरात गव्हर्नर जॅरेड पोलिस यांनी साऱ्या राज्यालाच मास्क लावायला सांगितले, त्यामुळे मूळ भांडणात फारसा अर्थ उरला नव्हता. धमकी मात्र जागच्या जागी राहिली, आणि तिचे फळही मिळाले. त्या वर्षाच्या अखेरीस ट्राय-काउंटीने असे धोरण स्वीकारले, की मंडळाचा एखादा आदेश पटला नाही तर काउंटीने आपल्यापुरता त्यातून बाहेर राहावे. डग्लस थांबली. या तडजोडीचे तेव्हा समजूतदारपणा म्हणून कौतुक झाले. माझ्या मते यंत्रणा फुटली ती याच वेळी. ज्या आदेशातून ज्याला हवे त्याला वगळून घेता येते, तो आदेश उरत नाही. तो सल्ला होतो. तीन काउंट्यांसाठी एकच निर्णय घेण्यासाठी उभारलेल्या संस्थेने, आपण एकत्र राहावे म्हणून, तो अधिकारच सोडून दिला.

ऑगस्ट २०२१ मध्ये शाळा उघडताना मंडळाने दोन ते अकरा वर्षांच्या मुलांना शाळेत मास्क सक्तीचा केला. या वयाला तेव्हा लस उपलब्ध नव्हती. सवलत हाताशी होतीच. डग्लसने ती वापरली, आणि ॲडम्सनेही वापरली. ॲडम्सचे नाव इथे विसरू नये, कारण तिथे सत्तेवर डेमोक्रॅट होते. म्हणजे हा नुसता दोन पक्षांचा झगडा नव्हता. महिना संपायच्या आत मंडळाने आदेशाची व्याप्ती वाढवली आणि बाहेर राहण्याची सवलत काढून घेतली. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातच डग्लसच्या कमिशनरांनी स्वतःचे आरोग्य खाते काढण्याचा ठराव केला. ऑक्टोबरमध्ये ॲडम्सनेही निघण्याचे जाहीर केले. अरापाहोने कुठलाच ठराव केला नव्हता, पण आता तिच्याजवळ 'संयुक्त' म्हणावे असे कोणी उरले नाही. भिशीतून दोघे उठले की तिसऱ्याने काय ठरवले याला किंमत राहत नाही. ३१ डिसेंबर २०२२ रोजी ट्राय-काउंटी बंद झाली, आणि दुसऱ्या दिवसापासून ॲडम्स आणि अरापाहो यांची वेगवेगळी खाती सुरू झाली.

मधल्या काळातला तपशील पाहण्यासारखा आहे. डग्लसने स्वतःचे खाते काढले, स्वतःचे आरोग्य मंडळ नेमले, पण तपासण्या, परवाने, लशी ही कामे २०२२ च्या अखेरपर्यंत करार करून ट्राय-काउंटीकडूनच घेतली. जिच्याशी नाते तोडले तिच्याच कर्मचाऱ्यांनी डग्लसच्या हॉटेलांची तपासणी करायची! डग्लसला नको होता तो आदेश देण्याचा अधिकार. सेवा हव्याच होत्या, आणि त्या रातोरात उभ्या करता येत नाहीत हेही कमिशनरांना पक्के ठाऊक होते. शिवाय सेवा टाळायच्या म्हटले तरी टाळता आल्या नसत्या. कोलोरॅडोने २००८ मध्येच कायदा करून ठेवला आहे, की प्रत्येक काउंटीने एक तर स्वतःची आरोग्य यंत्रणा ठेवावी किंवा दुसऱ्यांबरोबरच्या यंत्रणेत असावे. आरोग्याचे काम सोडून देण्याची मुभा नाही. त्यामुळे अशा ठिकाणी विसर्जन म्हणजे कर्तव्यांची वाटणी असते. कर्तव्ये तेवढीच राहतात. ती पार पाडणारी कार्यालये, प्रमुख, वकील, हिशेबनीस आणि संगणक व्यवस्था मात्र एकाच्या तीन होतात.

नव्या मंडळाने भांडण मिटवले का? डग्लसच्या मंडळाने ऑक्टोबर २०२१ मध्ये आदेश काढला, की पालकांनी लिहून दिले तर मुलाला मास्कमधून सूट मिळावी. डग्लस काउंटीतल्याच शाळांच्या प्रशासनाने आणि काही विद्यार्थ्यांच्या पालकांनी अपंगांच्या हक्कांच्या कायद्याखाली दावा लावला, आणि महिनाअखेर फेडरल न्यायाधीश जॉन केन यांनी त्या आदेशाला तात्पुरती स्थगिती दिली. पुढच्याच महिन्यात शाळा मंडळाच्या निवडणुकीत बहुमत फिरले आणि वर्ष संपायच्या आत शाळांची सक्ती गेली. म्हणजे ज्या प्रश्नावरून पंचाहत्तरीकडे झुकलेली संस्था मोडली, तो प्रश्न संस्था अजून पुरती मोडायच्या आतच नेहमीच्या निवडणुकीने निकालात निघाला होता. सूचनेचे वर्ष चालू होते, आणि परत फिरायला जागाही होती. कोणी फिरले नाही. तोवर नेमणुका, जागा, करार सुरू झाले होते.

आता नकाशाकडे पाहू. ऑरोरा हे कोलोरॅडोतले तिसऱ्या क्रमांकाचे शहर या तिन्ही काउंट्यांत पसरले आहे. शहराच्या जुन्या भागात ईस्ट कोलफॅक्स अव्हेन्यू या रस्त्यावरून ॲडम्स आणि अरापाहो यांची हद्द जाते. उत्तरेच्या फुटपाथावरची खाणावळ एका खात्याकडे, समोरच्या फुटपाथावरची दुसऱ्याकडे. एखाद्या समारंभात विषबाधा झाली, यजमान एका काउंटीत, आचारी दुसऱ्या आणि पाहुणे तिन्ही काउंट्यांत, तर आधी एका टेबलावर होणारा तपास आता तीन खात्यांच्या फोनाफोनीवर अवलंबून. यावर डेन्व्हरचे उदाहरण देता येईल. डेन्व्हरचे खाते पूर्वीपासूनच वेगळे होते आणि त्या हद्दीवर काही आकाश कोसळले नाही. ते बरोबर आहे, आकाश कोसळत नाही. साथीचे काम नुकसानीच्या बातम्या देत नाही. ते चार दिवस उशिरा होते, आणि त्या चार दिवसांची किंमत वेगळी काढून दाखवता येत नाही. विसर्जनाचे समर्थन करणाऱ्यांना याचा मोठा फायदा मिळतो.

वाटणीतला सर्वांत अवघड भाग सामान्य नागरिकाला दिसतही नाही. लशींचे फ्रीज, गाड्या, भाड्याच्या जागा हे सगळे यादी करून वाटता येते. अनुदाने तशी वाटता येत नाहीत, कारण केंद्राचे आणि राज्याचे अनेक करार संस्थेच्या नावाने असतात आणि नव्या संस्थेला ते नव्याने करून घ्यावे लागतात. त्याहून अवघड निवृत्तिवेतन. ट्राय-काउंटीचे कर्मचारी राज्याच्या 'पेरा' या निवृत्तिवेतन संस्थेत होते, आणि अशा संस्थेतून एखादा नियोक्ता गेला की मागे राहिलेल्या देण्याचे काय, हा कोलोरॅडोत नाजूक विषय आहे. कोलोरॅडो स्प्रिंग्स शहराने २०१२ मध्ये आपले मेमोरियल हे सार्वजनिक रुग्णालय विद्यापीठाच्या आरोग्य संस्थेला भाड्याने दिले, तेव्हा याच मुद्द्यावर 'पेरा' न्यायालयात गेली आणि २०१४ मध्ये १९ कोटी डॉलरवर तडजोड झाली. प्रकरण रुग्णालयाचे आहे, पण धडा एकच : सार्वजनिक संस्था मोडण्याचा ठराव एका संध्याकाळी होतो, तिची देणी मात्र वर्षानुवर्षे दाराशी येत राहतात. ठरावावर मत देणाऱ्या किती जणांपुढे हा हिशेब आधी ठेवलेला असतो?

वॉशिंग्टन राज्याचा कायदा या बाबतीत थोडा शहाणा आहे. तिथे काउंटीला हेल्थ डिस्ट्रिक्टमध्ये दोन वर्षे काढल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. सूचना निदान सहा महिन्यांची हवी आणि बाहेर पडणे कॅलेंडर वर्षाच्या अखेरीसच लागू होते. भरलेले पैसे परत मिळत नाहीत, आणि त्या वर्षाची ठरलेली देणी चुकवावीच लागतात. सहा महिने कोलोरॅडोच्या एका वर्षाहून कमी असले, तरी पैशाचे कलम स्पष्ट आहे. तरीही टकोमा शहर आणि पिअर्स काउंटी यांच्या संयुक्त आरोग्य खात्यावर बाका प्रसंग आलाच. १९७२ पासून चालत आलेले हे खाते मोडण्याचा ठराव डिसेंबर २०२० मध्ये, साथ ऐन भरात असताना आणि लसीकरण तोंडावर आलेले असताना, काउंटी कौन्सिलपुढे आला. गव्हर्नर जे इन्स्ली यांनी साथ चालू असेतो अशी विसर्जने रोखणारा आदेश काढला आणि ठराव बारगळला. आदेशाने तिथे वेळ निभावली. पण अशा वेळी कायद्यात काहीच तरतूद नसावी आणि गव्हर्नरच्या आणीबाणीच्या अधिकारावर विसंबावे लागावे, ही काही समाधानाची गोष्ट नाही. दुसरा गव्हर्नर असता तर?

याच राज्यात विसर्जनाचा चांगला नमुनाही आहे, आणि तो वगळला तर हा आढावा एकांगी होईल. अमेरिकेतला करोनाचा पहिला रुग्ण जानेवारी २०२० मध्ये सापडला तो वॉशिंग्टनमधल्या स्नोहोमिश काउंटीत. तिथले हेल्थ डिस्ट्रिक्ट १९५९ पासूनचे. मंडळावर पंधरा जण, पाच काउंटीचे आणि दहा शहरांचे. शहरांकडून येणाऱ्या वर्गणीचा भरवसा राहिला नव्हता आणि खर्चाचा भार काउंटीवर सरकत होता. मते मात्र शहरांची जास्त. २०२२ मध्ये काउंटीने हे डिस्ट्रिक्ट स्वतःच्या सरकारात सामावून घेतले आणि १ जानेवारी २०२३ पासून ते काउंटीचे खाते झाले. तारीख ट्राय-काउंटीच्या तुकड्यांचीच, पण गोष्ट उलटी. इथे हद्द बदलली नाही, कर्मचारी त्याच कामावर राहिले, आणि यंत्रणेला वर्गणीदारांऐवजी कर लावू शकणारा एक मालक मिळाला. ओहायोत ॲक्रन शहराने २०११ मध्ये आपले आरोग्य खाते समिट काउंटीच्या खात्यात मिसळले, तोही याच जातीचा प्रकार. ओहायोने पुढे सर्व स्थानिक खात्यांना राष्ट्रीय मानांकन सक्तीचे केले, त्यामुळे लहान खात्यांना शेजाऱ्यांशी हातमिळवणी करणे भाग पडू लागले. तेव्हा विसर्जन म्हटले की अनर्थ, असे माझे म्हणणे नाही. एखादी यंत्रणा मोडून काम मोठ्या, सधन घटकाकडे जात असेल तर लोकांचा फायदाही होतो.

आता आक्षेपांकडे. सर्वांत वजनदार आक्षेप लोकशाहीचा आहे. मंडळावरचे लोक नेमलेले, कमिशनर निवडलेले. नेमलेल्या नऊ जणांनी लाखो मुलांच्या तोंडाला काय बांधायचे हे ठरवावे, आणि लोकांनी निवडलेल्यांनी मान डोलवावी, हे कुठले? प्रश्न रास्त आहे. वॉशिंग्टन राज्याने २०२१ मध्ये कायदा करून आरोग्य मंडळांवर निवडून न आलेल्या सदस्यांना निदान बरोबरीची जागा दिली, तेव्हाही हीच तक्रार झाली. मी उत्तर देईन ते डग्लसच्या आकड्यांनी. डग्लसच्या तीन कमिशनरांना डग्लसच्या मतदारांनी निवडले होते. अरापाहोच्या साडेसहा लाख लोकांनी त्यांना कधी मत दिले नव्हते. तरीही अरापाहोची आरोग्य यंत्रणा त्यांच्या ठरावाने हलली, आणि ॲडम्सच्या ठरावाने संपली. एकूण लोकसंख्येच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी लोकांचे प्रतिनिधी सर्वांच्या संस्थेची पाळेमुळे हलवू शकतात, याला लोकशाहीचा विजय म्हणणे कठीण आहे. निघून जाण्याचा हक्क डग्लसला असावा. त्या निघण्याचा खर्च अरापाहोच्या करदात्याने का सोसावा, एवढाच प्रश्न आहे.

दुसरा आक्षेप गरजा वेगळ्या असण्याचा. डग्लस ही देशातल्या श्रीमंत काउंट्यांपैकी एक. ॲडम्समध्ये कष्टकरी आणि लॅटिनो वस्ती मोठी, आणि कॉमर्स सिटीत सनकॉरचा तेलशुद्धीकरण कारखाना, राज्यातला एकमेव. तिथल्या लोकांना हवेच्या प्रदूषणावर बारीक लक्ष ठेवणारे खाते हवे असेल, तर डग्लसच्या प्रतिनिधींची संमती त्यांनी का मागावी? ॲडम्सने वेगळे होताना हाच मुद्दा पुढे केला आणि मला तो डग्लसच्या कारणाहून कितीतरी सबळ वाटतो. पण स्थानिक गरजेसाठी संयुक्त संस्थेत स्वतंत्र विभाग, स्वतंत्र निधी, स्वतंत्र कर्मचारी ठेवता येतात. तसे करून पाहिले आणि जमले नाही, मग वेगळे झालो, असा क्रम असता तर बोलायला जागा नव्हती. इथे डग्लस आधी निघाली, मग ॲडम्सने विचार केला.

तिसरा आक्षेप माझ्याच पुराव्यातून येतो. एक लाख लोकसंख्येनंतर आकारमानाचा फायदा थांबत असेल, तर साडेतीन लाखांची डग्लस आणि साडेसहा लाखांची अरापाहो यांना एकत्र राहून काय मिळत होते? दरडोई खर्चाच्या भाषेत बोलायचे तर कदाचित फारसे नाही, हे मान्य केले पाहिजे. ट्राय-काउंटी मोडल्याने लोक उघड्यावर पडले असे कोणी म्हणत असेल तर ती अतिशयोक्ती आहे. पण सरासरी खर्चाच्या हिशेबात दोन गोष्टी येत नाहीत. एक, दुर्मीळ कौशल्य. साथरोगतज्ज्ञ, विदा विश्लेषक, विषारी कचऱ्याचा जाणकार यांची गरज रोज नसते, पण लागते तेव्हा तातडीने लागते. अशी माणसे तीन ठिकाणी तीन नेमता येत नाहीत, कारण ती मिळतच नाहीत. डिसेंबर २०२० पर्यंत किमान १८१ आरोग्य अधिकाऱ्यांनी पद सोडले होते किंवा त्यांना काढले गेले होते, अशी नोंद असोसिएटेड प्रेस आणि कैसर हेल्थ न्यूज यांनीच केली होती. अशा बाजारात तीन प्रमुख शोधायचे होते. दुसरी गोष्ट स्थित्यंतराची किंमत, आणि ती साथीच्या मध्यात मोजावी लागली. शिवाय हा तर्क मोठ्या उपनगरी काउंट्यांना लागू पडतो, इतरत्र नाही. पाच-दहा हजार वस्तीच्या ग्रामीण काउंट्यांच्या संयुक्त यंत्रणेत एकाने अंग काढले, तर उरलेल्यांना परिचारिका परवडेनाशी होते. तिथे इमर्सन यांचा १९४५ चा हिशेब अजून तसाच लागू आहे.

चौथा आक्षेप ऐकू येतो तो असा, की आरोग्य अधिकाऱ्यांनीच अति केले, शाळा फार काळ बंद ठेवल्या, लोकांचा विश्वास गमावला. मग लोकांनी संस्था मोडली तर दोष कोणाचा? काही निर्णय चुकले असतील, त्यांची झडती व्हायलाच हवी. पण चुकीच्या आदेशावर उपाय आदेश फिरवणे हा आहे, मंडळावरची माणसे बदलणे हा आहे, राज्याच्या विधिमंडळाने अधिकारांना मर्यादा घालणे हाही आहे. सप्टेंबर २०२१ पर्यंत किमान २६ राज्यांनी तसे कायदे केलेही होते. त्यातले काही मला अविचारी वाटतात, पण ते निदान उघड आहेत आणि पुढचे विधिमंडळ ते मागे घेऊ शकते. मोडलेली संयुक्त संस्था परत जोडल्याचे उदाहरण शोधायला गेले तर हाती काय लागेल? आणि जिथे संस्था मोडत नाही तिथेही ती आतून पोखरता येतेच. आयडाहोत सातही हेल्थ डिस्ट्रिक्ट शाबूत आहेत, पण २०२१ च्या कायद्याने राज्याने त्यांना दिला जाणारा आपला पैसा काढून घेऊन भार काउंट्यांवर टाकला. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथल्या साउथवेस्ट डिस्ट्रिक्टच्या मंडळाने चार विरुद्ध तीन मतांनी आपल्या दवाखान्यांत करोनाची लस देणेच थांबवले. नावाची पाटी तीच, आतले काम कमी. तेव्हा संस्था टिकवली म्हणजे सगळे झाले, असेही नाही.

एक काळाचा योगायोगही ध्यानात घ्यायला हवा. २०२१-२२ मध्ये वेगळे होणे परवडणारे वाटत होते, कारण मार्च २०२१ च्या केंद्रीय मदत कायद्याने देशातल्या काउंट्यांच्या हाती ६५ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम थेट येत होती, आणि साथनिवारणाची अनुदाने वेगळी होती. नवे खाते उभारण्याचा खर्च अशा दिवसांत डोळ्यांत भरत नाही. हा पैसा कायमचा नव्हता. मार्च २०२५ मध्ये केंद्राने राज्यांच्या आणि स्थानिक खात्यांच्या साथकाळातल्या अनुदानांपैकी ११ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम एकाएकी रद्द केली. राज्ये न्यायालयात गेली हा पुढचा भाग. पूर आला असताना बांधलेली विहीर उन्हाळ्यात किती भरते हे त्या काउंट्यांना आता कळेल.

बाहेर पडण्याचा हक्क काढून घ्यावा असे मी म्हणत नाही. ज्या संस्थेतून निघता येत नाही तिच्यात कोणी शिरणारही नाही, आणि मग एकत्र येणेच थांबेल. पण आजचे कलम पुरेसे नाही. सूचना सगळीकडे निदान एका वर्षाची असावी आणि ती जाहीर आरोग्य आणीबाणीच्या काळात मोजली जाऊ नये. निघणाऱ्या काउंटीने मागे राहणाऱ्यांचा स्थित्यंतराचा खर्च आणि निवृत्तिवेतनाच्या देण्यातला आपला वाटा उचलावा. सूचनेच्या काळाच्या शेवटी दुसरे मतदान व्हावे, म्हणजे राग ओसरल्यावर पुन्हा विचार करण्याची सोय राहील. हे बदल राज्यांच्या विधिमंडळांनी करायचे आहेत आणि त्यांना वेळ लागेल. तोवर ज्या काउंटीपुढे असा ठराव येईल तिथल्या नागरिकांनी मतदानाआधी तीन कागद मागावेत : कोणती सेवा कोणत्या तारखेपासून कोण देणार याचा तक्ता, पहिल्या पाच वर्षांचा खर्च केंद्राची मदत वगळून, आणि निवृत्तिवेतनाच्या देण्याचा आकडा. हे कागद मागायला कुठल्याही नव्या कायद्याची गरज नाही.